वाचकांचे प्रश्न : कुत्र्यामांजरांचा मधुमेह

पाळीव प्राण्यांच्या मधुमेहाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रे आजार बराच पुढे गेल्यावर लिहिलेली दिसतात. त्याचे कारण हयगय नव्हे. या आजाराची सुरुवातीची लक्षणे त्रासाची वाटत नाहीत. प्राणी भरपूर खातो, भरपूर पाणी पितो आणि पाहणाऱ्याला तो निरोगीच वाटतो. दुसरी अडचण अशी, की कुत्र्याचा मधुमेह आणि मांजराचा मधुमेह यांची कारणे वेगळी असल्यामुळे ते टाळण्याचे मार्गही वेगळे आहेत. एका प्राण्यासाठी मिळालेला सल्ला दुसऱ्याला लावला, तर वेळ वाया जातो आणि कधी जिवावरही बेतते. म्हणून प्रत्येक उत्तरात कोणत्या प्राण्याविषयी बोलत आहे, हे स्पष्ट ठेवले आहे.

प्रश्न : आमची कुत्री आठ वर्षांची आहे. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून ती पाण्याचे भांडे सारखे रिकामे करते आणि कधी नव्हे ते रात्री घरातच लघवी करू लागली आहे. तिचे खाणे पूर्वीपेक्षा वाढले आहे, तरीही पाठीचा कणा हाताला लागू लागला आहे. वय झाले की असे होतेच, असे घरातले म्हणतात. रात्री पाणी बंद ठेवले तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. पाणी बंद करू नका, रात्रीही नाही आणि दिवसाही नाही. ती जास्त पाणी पिते म्हणून जास्त लघवी करत नसून, जास्त लघवी होते म्हणून तिला पाणी प्यावे लागत आहे. पाणी काढून घेतले, तरी लघवी थांबणार नाही. शरीर मात्र काही तासांतच कोरडे पडू लागेल.

हे असे का होते, ते समजून घेतले की चारही लक्षणांचा उलगडा होतो. इन्सुलिन कमी पडले की रक्तातील ग्लुकोज पेशींना वापरता येत नाही आणि ते रक्तातच साठत जाते. निरोगी प्राण्याचे मूत्रपिंड गाळलेले ग्लुकोज परत रक्तात घेते; पण त्याच्या या क्षमतेला मर्यादा असते. कुत्र्यात रक्तशर्करा साधारण १८० ते २२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली, की ग्लुकोज लघवीत उतरू लागते, आणि मांजरात ही मर्यादा त्याहून वर, २५० ते ३०० च्या आसपास असते. लघवीत उतरलेले ग्लुकोज स्वतःबरोबर पाणी ओढून नेते, त्यामुळे लघवी वाढते आणि तहान लागते. इकडे रक्तात इंधन भरपूर असूनही पेशी उपाशीच असतात, म्हणून भूक वाढते. आणि ती भूक भागेना, तेव्हा शरीर स्वतःची चरबी व स्नायू मोडून वापरू लागते. पाठीचा कणा हाताला लागतो, तो यामुळे. खाणे वाढलेले असताना वजन उतरणे हे कोणत्याही वयात नैसर्गिक नाही, आणि म्हातारपणाच्या नावावर ते सोडून देणे मला अजिबात मान्य नाही.

पशुवैद्याकडे जाण्यापूर्वी घरी दोन गोष्टी मोजून ठेवाव्यात. सकाळी भांड्यात मोजून पाणी भरा, दिवसभरात जेवढे वाढवाल तेवढे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले वजा करा. असे दोन-तीन दिवस केले की आकडा भरवशाचा होतो. कुत्र्याने दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे असामान्य समजले जाते, म्हणजे १० किलोच्या कुत्रीने एक लिटरच्या वर जाणे. मांजराच्या बाबतीत दर किलोमागे ५० मिलिलिटर हीच सावधगिरीची रेघ मानावी, आणि ओले खाद्य खाणारे मांजर तर याहून पुष्कळ कमी पाणी पिते. दुसरी गोष्ट वजनाची. कुत्रीला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे, नंतर एकट्याने उभे राहावे आणि फरक काढावा. ‘पाणी जरा जास्त पिते’ या वाक्यापेक्षा हे दोन आकडे पशुवैद्याला कितीतरी अधिक सांगून जातात. लघवी केलेल्या जागी मुंग्या जमत असतील, तर तेही सांगावे.

मात्र ही लक्षणे एकट्या मधुमेहाची नाहीत. मूत्रपिंडाचा जुना आजार आणि अधिवृक्क ग्रंथींचा कुशिंग नावाचा आजार यांतही तहान वाढते. तुमच्या कुत्रीची नसबंदी झाली आहे की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. झालेली नसेल आणि गेल्या दोन महिन्यांत ती माजावर येऊन गेली असेल, तर गर्भाशयात पू होण्याची शक्यता प्रथम तपासावी लागते, कारण तो आजार काही दिवसांत जीव घेऊ शकतो. रक्त आणि लघवी अशा दोन्ही तपासण्या एकाच वेळी झाल्या, तर यांतला बराचसा गोंधळ त्याच दिवशी मिटतो.

आणि एक महत्त्वाचे. तिने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, ती मलूल पडली किंवा तिच्या श्वासाला नखांचा रंग काढण्याच्या द्रावणासारखा वास येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. चरबी मोडताना तयार होणारी किटोन द्रव्ये रक्तात साठून रक्त आम्लधर्मी होऊ लागल्याची ही चिन्हे असतात. ही अवस्था घरी आटोक्यात येत नाही. तिला शिरेतून द्रव, क्षार व इन्सुलिन द्यावे लागते.

प्रश्न : आमच्या मांजराची रक्तशर्करा दवाखान्यात २९० निघाली. एका डॉक्टरांनी मधुमेह आहे असे सांगितले, तर दुसऱ्यांनी भीतीमुळे साखर वाढली असेल असे म्हटले. मांजर घरी अगदी नेहमीसारखे आहे. कोणाचे मानावे?

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांची शंका रास्त आहे. मांजराच्या बाबतीत ही शंका घ्यावीच लागते. पेटीत बंद करून आणलेले, अनोळखी वासांनी आणि कुत्र्यांच्या भुंकण्याने बिथरलेले मांजर तपासणीच्या टेबलावर धरून ठेवले, तर त्याच्या शरीरातील ताणाची संप्रेरके रक्तशर्करा झपाट्याने चढवतात. मधुमेह नसतानाही ती ३०० च्या पुढे गेलेली आढळते. कुत्र्यात हे एवढ्या प्रमाणात होत नाही. म्हणून मांजराच्या एका आकड्यावरून निदान करू नये, आणि त्याच आकड्यावरून मधुमेह नाही असेही ठरवू नये.

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी. रक्तातील प्रथिनांना चिकटलेल्या ग्लुकोजचे हे मोजमाप असते आणि त्यावरून मागच्या एक ते तीन आठवड्यांत शर्करा सरासरी कशी होती, याचा अंदाज येतो. तासाभराच्या भीतीचा त्यावर परिणाम होत नाही. दुसरा मार्ग घरीच गोळा केलेल्या लघवीची तपासणी करण्याचा. मांजराच्या शौचपेटीत पाणी न शोषणारे खडे घातले, तर नमुना सहज मिळतो. शांत असलेल्या मांजराच्या लघवीत पुनःपुन्हा ग्लुकोज सापडत असेल, तर मधुमेहाची शक्यता बळकट होते.

‘अगदी नेहमीसारखे आहे’ हे वाक्य मात्र एकदा तपासून पाहा. मांजर आजार लपवते, आणि त्याची लघवी पेटीत मुरून जाते, त्यामुळे ती वाढल्याचे लक्षात येत नाही. पेटीतील खड्यांच्या ओल्या गुठळ्या पूर्वीपेक्षा मोठ्या होत आहेत का? पूर्वी पाण्याकडे फारसे न फिरकणारे मांजर आता भांड्याशी बसून राहते का? अंगावरचे केस चाटून नीट ठेवत नाही, असे दिसते का? उंच जागी उडी मारण्याचे टाळते का? काही मांजरांत वाढलेल्या शर्करेमुळे मज्जातंतूंना इजा होऊन मागचे पाय अशक्त होतात आणि मांजर बोटांवर न चालता मागची टाच जमिनीला टेकवून चालू लागते. ही चाल एकदा पाहिली की विसरत नाही. पुष्कळांना मात्र तो सांधेदुखीचा प्रकार वाटतो आणि महिने निघून जातात. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्यानेही म्हाताऱ्या मांजरांचे खाणे वाढून वजन उतरते, तेव्हा तीही तपासणी सोबत करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही कुत्रीला कधीही गोड दिले नाही, तरी तिला मधुमेह झाला. आमचे कुठे चुकले?

उत्तर : गोड खाण्यामुळे कुत्र्याला थेट मधुमेह होतो, हा समज दूर व्हायला हवा. तो खरा नसूनही अनेकांच्या मनात विनाकारण अपराधीपणा पेरतो. बहुतेक मधुमेही कुत्र्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. कधी शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच या पेशींवर उलटते, तर कधी स्वादुपिंडाला पुनःपुन्हा सूज येऊन त्या जळून जातात. आनुवंशिकतेचाही वाटा आहे : सामोयेड, मिनिएचर श्नाउझर, ऑस्ट्रेलियन टेरियर या जातींत हा आजार अधिक दिसतो, तर जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि बॉक्सर यांच्यात कमी. मध्यमवयीन व उतारवयाची कुत्री, साधारण सात-आठ वर्षांच्या पुढची, यात सर्वाधिक असतात.

पण तुमची कुत्री मादी आहे आणि तिची नसबंदी झालेली नसेल, तर एक कारण असे आहे की ज्यावर उपाय होता आणि अजूनही आहे. माज संपल्यावर, गर्भ राहो वा न राहो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढे राहते. त्याच्या प्रभावाखाली तिच्या स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक स्रवते, आणि ते इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते. तरुण कुत्रीचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हे भरून काढते. मात्र वय वाढते तसे दर माजागणिक ते थकत जाते आणि एखाद्या वेळी कमी पडते. म्हणून नसबंदी न झालेल्या माद्यांत मधुमेहाची लक्षणे पुष्कळदा माजानंतरच्या आठवड्यांत उघड होतात. अशा कुत्रीची प्रकृती सावरताच लवकरात लवकर नसबंदी करून घ्यावी. काही कुत्र्यांचा मधुमेह त्यानंतर मावळतोही, आणि ज्यांचा मावळत नाही त्यांची शर्करा निदान आटोक्यात ठेवता येते. नसबंदी न करता इन्सुलिन देत राहिले, तर दर माजाला सगळी घडी पुन्हा विस्कटते.

प्रतिबंधाच्या दृष्टीने कुत्र्यांबाबत माझे सांगणे यावरून ठरते. पिल्ले नको असतील, तर मादीची नसबंदी वेळेवर करावी. माज थांबवण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारखी इंजेक्शने किंवा गोळ्या वर्षानुवर्षे देऊ नयेत, कारण त्या कृत्रिम रीतीने तीच परिस्थिती कायम ठेवतात. मांजरांतही त्यांचा हाच धोका आहे. खाजेसाठी वा दुसऱ्या आजारासाठी स्टिरॉइड द्यावे लागले, तर ते आवश्यक तेवढेच आणि पशुवैद्याच्या देखरेखीखाली असावे. स्वादुपिंडाला सूज आणणारे तेलकट, चरबीयुक्त उष्टे अन्न कुत्र्याला देऊ नये आणि केराची टोपलीही त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी. एवढे सारे करूनही काही कुत्र्यांना मधुमेह होईलच. तिथे प्रतिबंधाची जागा लवकर ओळखण्याला मिळते.

प्रश्न : आमचा बोका सहा वर्षांचा, नसबंदी केलेला, साडेसहा किलोचा आहे. कोरडे खाद्य वाडग्यात सदैव भरलेले असते आणि तो दिवसभर झोपतो. अजून कोणताही आजार नाही. त्याला मधुमेह होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : आजार होण्यापूर्वी लिहिलेले हे एकमेव पत्र आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. मांजराचा मधुमेह प्रौढ माणसांत आढळणाऱ्या मधुमेहाच्या जवळचा आहे. इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला दाद देईनासे होते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन काढत राहते आणि त्याच्याबरोबर स्रवणाऱ्या अमायलिन नावाच्या द्रव्याचे थर साचून त्या पेशी निकामी होत जातात. इन्सुलिनला दाद न देण्याचे सर्वांत मोठे कारण लठ्ठपणा. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका योग्य वजनाच्या मांजराच्या सुमारे चौपट असतो. मध्यमवयीन वा त्याहून मोठा, नसबंदी झालेला, घरातच राहणारा, वजनदार बोका हे या आजाराचे नेहमीचे लक्ष्य आहे. बर्मीज जातीच्या मांजरांत तो आनुवंशिकतेनेही अधिक आढळतो.

मादी कुत्रीला नसबंदी मधुमेहापासून वाचवते, आणि बोक्याचा धोका मात्र नसबंदीनंतर वाढतो, हे वाचून गोंधळून जाऊ नये. बोक्याच्या बाबतीत दोष शस्त्रक्रियेचा नसून नंतरच्या खाण्याचा आहे. नसबंदीनंतर त्याची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. त्या दिवसापासून वाडग्यातले खाद्य मोजून कमी केले, तर वजन वाढत नाही. हे सांगण्याची जबाबदारी आम्हा पशुवैद्यांची आहे, आणि टाके काढण्याच्या भेटीतच ते सांगितले गेले पाहिजे.

तुमच्या बोक्याचे योग्य वजन किती, हे त्याच्या हाडापेरावर अवलंबून आहे. हाताने पाहण्याची रीत सोपी आहे. छातीच्या बाजूंवर तळहात हलके फिरवल्यावर फासळ्या न दाबता बोटांना जाणवल्या पाहिजेत आणि वरून पाहताना फासळ्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. फासळ्या शोधाव्या लागत असतील आणि पोट खाली लोंबत्या चरबीने भरलेले असेल, तर वजन जास्त आहे. पशुवैद्य याच तपासणीला नऊ अंकांच्या मापावर बसवतात; त्यात पाच म्हणजे आदर्श.

वजन उतरवताना घाई करू नये. मांजराला उपाशी ठेवणे धोक्याचे असते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर शरीरातील चरबी एकदम यकृतात येऊन यकृत निकामी होऊ लागते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट पुरेशी आहे, म्हणजे तुमच्या बोक्यासाठी ६५ ग्रॅम. काम अनेक महिन्यांचे आहे आणि ते तसेच असू द्यावे. सदैव भरलेला वाडगा बंद करून दिवसाचे खाद्य स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून तीन-चार वेळांत विभागून द्यावे. भांड्याने किंवा मुठीने मोजू नका. कोरडे खाद्य इतके घट्ट पोषणाचे असते, की रोजचे दहा-बारा दाणे जास्त गेले तरी वर्षअखेरीस ते वजनात दिसते.

कोणते खाद्य द्यावे, हा पुढचा प्रश्न. मांजर पूर्णपणे मांसाहारी घडणीचे आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे अमायलेज नसते आणि यकृतात ग्लुकोज झटपट हाताळणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) कार्य फार क्षीण असते; त्याच्या जिभेला तर गोड चवच कळत नाही, कारण ती चव ओळखणाऱ्या जिभेवरील ग्राही प्रथिनाचे एक जनुक मांजरवर्गात निकामी झालेले आहे. भरपूर प्रथिने आणि कमी पिष्ट असलेले खाद्य त्याच्या शरीराला मानवते. ओल्या खाद्यात साधारणपणे पिष्ट कमी असते, पाणी भरपूर असते आणि कमी ऊर्जेत पोट भरते, त्यामुळे हळूहळू त्याकडे वळणे हिताचे. मात्र कोरड्या खाद्यामुळेच मधुमेह होतो, असे मी म्हणणार नाही. कोणतेही खाद्य अमर्याद दिले तर मांजर लठ्ठ होते आणि खरा शत्रू तो लठ्ठपणा आहे.

हालचालीसाठी खाद्यालाच कामाला लावावे. थोडे दाणे उंच फळीवर, थोडे गरगर फिरवल्यावर दाणा टाकणाऱ्या चेंडूत ठेवावे, आणि दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाशी खेळवावे. मांजर दीर्घकाळ धावणारा प्राणी नाही, त्याला छोट्या झडपा आवडतात. पंधरा दिवसांतून एकदा वजन लिहून ठेवा. आणि आहार न बदलता ते आपोआप झपाट्याने उतरू लागले, तर आनंद मानू नका, तपासणी करून घ्या. सात वर्षांच्या पुढे वर्षातून एकदा रक्त व लघवी तपासणे योग्य.

प्रश्न : मधुमेही कुत्र्याला साखर नको, म्हणून माणसांसाठीचे ‘शुगर-फ्री’ पदार्थ दिले तर चालतील का?

उत्तर : मुळीच देऊ नका, निरोगी कुत्र्यालाही नाही. अशा अनेक पदार्थांत, च्युइंगममध्ये, काही टूथपेस्टमध्ये आणि औषधी सिरपांत झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असते. माणसाला ते निरुपद्रवी आहे. पण कुत्र्याचे स्वादुपिंड त्याला ग्लुकोज समजून भरमसाट इन्सुलिन सोडते आणि रक्तशर्करा पुष्कळदा तासाभराच्या आत धोक्याच्या पातळीपर्यंत कोसळते. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढे अल्प प्रमाणही त्यासाठी पुरते, आणि अधिक प्रमाणात यकृत निकामी होते. कुत्र्याने असे काही खाल्ल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता वेष्टन हातात घेऊन दवाखाना गाठावा.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी कुत्र्याला मधुमेहाचे निदान झाले. आता त्याचे डोळे दुधाळ दिसतात. ते पुन्हा स्वच्छ होतील का?

उत्तर : हा मोतीबिंदू आहे आणि औषधाने तो विरत नाही. डोळ्याच्या भिंगात शिरलेल्या जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉल बनते, ते पाणी ओढून घेते आणि भिंग फुगून गढूळ होते. साधारण निम्म्या मधुमेही कुत्र्यांत निदानापासून सहा महिन्यांत, तर सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांत वर्षभरात असे होते, तेव्हा यात तुमच्या शुश्रूषेची कसूर धरू नये. भिंगात ग्लुकोजचे सॉर्बिटॉल बनवणारे विकर वयस्क मांजरांत क्षीण असल्याने मांजरांना मधुमेहाचा मोतीबिंदू क्वचितच होतो.

शस्त्रक्रियेने दृष्टी परत येऊ शकते, पण ती योग्य वेळी झाली पाहिजे. फुगलेल्या भिंगातून प्रथिने झिरपून डोळ्याच्या आत दाह होतो, आणि तो दुर्लक्षिला गेला तर शस्त्रक्रियेची संधी हातची जाते. डोळा लाल होणे, मिचकावणे, पाणी येणे यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर घरातील सामानाची मांडणी बदलू नये. आंधळा कुत्रा नाकाच्या आणि सवयीच्या बळावर उत्तम वावरतो.

प्रश्न : रोज दोन वेळा इंजेक्शन देण्याची आम्हाला फार भीती वाटते. गोळ्यांवर भागणार नाही का? आणि घरी देताना काय सांभाळावे?

उत्तर : कुत्र्यासाठी इन्सुलिनला पर्याय नाही, कारण त्याच्या शरीरात ते तयारच होत नाही. मांजरांसाठी मूत्रपिंडातून ग्लुकोज बाहेर टाकणारी तोंडाने घेण्याची औषधे आता आली आहेत. त्यांपैकी पहिले, बेक्साग्लिफ्लोझिन, अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले. पण ती फक्त पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या आणि एरवी तब्येत चांगली असलेल्या मांजरांसाठी आहेत, आणि त्यांत रक्तशर्करा नेहमीसारखी असतानाही किटोन वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. हे औषध कोणत्या मांजराला द्यायचे, हे संपूर्ण तपासणीनंतर पशुवैद्यानेच ठरवायचे असते.

भीती समजण्यासारखी आहे, पण सुई केसासारखी बारीक असते आणि सैल कातडीखाली टोचायची असते. जेवणात गुंतलेल्या प्राण्याला ती बहुधा जाणवतही नाही. या उपचाराच्या इतिहासात कुत्र्यांचे ऋण फार मोठे आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे दाखवले, आणि १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच इन्सुलिन हाती आणले. ज्या औषधाने कोट्यवधी माणसे जगली, ते कुत्र्याला देताना आपण मागे-पुढे पाहू नये, असे मला मनापासून वाटते. डुकराच्या आणि कुत्र्याच्या इन्सुलिनची रासायनिक रचना तर अगदी एकसारखी आहे, म्हणून डुकरापासून मिळवलेले इन्सुलिन कुत्र्यांना चांगले मानवते.

सांभाळायच्या गोष्टींत सिरिंजची गोष्ट सर्वांत वर ठेवतो. इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले, तर प्राण्याला अडीचपट मात्रा जाते, आणि त्याने मृत्यू ओढवू शकतो. बाटली आणि सिरिंज यांवरील आकडा दर वेळी जुळवून पाहावा. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. ती जोराने हलवायची की तळहातांत हळुवार फिरवायची, हे इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून असते, तेव्हा तुमच्या बाटलीविषयी विचारून घ्यावे.

इंजेक्शन बारा-बारा तासांनी आणि जेवण त्याच्याशी जोडलेले असावे. कुत्र्याला रोज तेच खाद्य, तेवढेच आणि त्याच वेळी मिळावे, कारण त्याची मात्रा त्या जेवणाशी जुळवलेली असते. प्राण्याने खाल्ले नाही, तर नेहमीची पूर्ण मात्रा देऊ नये. पशुवैद्याला फोन करावा. सुई हलली आणि औषध आत गेले की बाहेर, अशी शंका आली, तर पुन्हा देऊ नये. पुढच्या वेळेची वाट पाहावी. एका वेळची मात्रा चुकल्याने फारसे बिघडत नाही, पण दुप्पट मात्रेने बिघडते. प्राणी झोकांड्या खाऊ लागला, थरथरू लागला, भ्रमिष्टासारखा वागू लागला किंवा त्याला झटके आले, तर शर्करा घसरली असे समजावे. गिळता येत असेल तर लगेच खायला द्यावे. नसेल तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक हिरड्यांवर चोळावा, घशात ओतू नये, आणि तसेच दवाखान्यात न्यावे. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्यामांजरांची शर्करा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून त्याच्या आकड्यावरून मात्रा स्वतः बदलू नये.

प्रश्न : तीन महिने इन्सुलिन दिल्यावर आमच्या मांजराची शर्करा सामान्य झाली आणि डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले. ते बरे झाले असे समजायचे का?

उत्तर : तुमचे आणि त्या डॉक्टरांचे अभिनंदन. मांजरांत हे घडू शकते, आणि कुत्र्यांत सहसा घडत नाही. निदानानंतर लगेच इन्सुलिन सुरू केले, पिष्ट कमी केले आणि वजन योग्य केले, तर स्वादुपिंडातील थकलेल्या पण जिवंत पेशींना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. असे सुधारणारी मांजरे बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच सुधारतात, म्हणून सुरुवातीचा उशीर टाळण्याला इतके मोल आहे.

तरी ही आजाराची माघार आहे, त्याचा शेवट नव्हे. पेशींची संख्या पूर्वीइतकी राहिलेली नसते आणि काही मांजरांचा मधुमेह महिन्यांनी वा वर्षांनी परततो. कमी पिष्टाचे खाद्य आयुष्यभर तेच ठेवावे. स्टिरॉइड देण्याची वेळ आली, तर उपचार करणाऱ्याला मधुमेहाचा पूर्वेतिहास आधी सांगावा. स्टिरॉइडमुळे तो परत येऊ शकतो. हिरड्यांचा वा मूत्रमार्गाचा संसर्गही शर्करा चढवतो, त्याकडे दुर्लक्ष करू नये. दर आठवड्याला घरी लघवीत ग्लुकोजची पट्टी बुडवून पाहावी आणि पंधरवड्याला वजन करावे. पट्टीचा रंग बदलला, तर खाणेपिणे ठीक दिसत असले तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना कळवावे.